कुंदाताईंचा कॉम्प्युटर

कुंदाताईंना माणसांची नावं लक्षात राहत नसत, बोटींची राहत. सोसायटीच्या दारात कोणी येऊन उभं राहिलं की त्या चष्म्यावरून बघत आणि म्हणत, "काय ओ जलपरी, आज लवकर?" त्यावर दाढी वाढलेला, लुंगी गुडघ्यापर्यंत गुंडाळलेला एखादा दांडगा पुरुष निमूटपणे "होय ताई" म्हणे. धनलक्ष्मीला मुलगा झाला, सागरराणीची अक्कलदाढ काढली, महालक्ष्मी बायकोशी भांडून मांडवीला बहिणीकडे जाऊन बसला, अशा बातम्या मी त्यांच्या तोंडून रोज ऐकायचो. सुरुवातीला मला वाटायचं की या बाईंचं काहीतरी बिनसलं आहे.

मी मूळचा पालीचा. आमच्याकडे भात, आंबा आणि मुंबईला गेलेली माणसं. समुद्राशी माझा संबंध होता तो ताटापुरता. रत्नागिरीच्या बंदरावर मच्छीमारांच्या सोसायटीत हिशेबनीस म्हणून मी रुजू झालो, तेव्हा कुंदाताई तिथल्या जुन्या कारकून. पहिल्याच सकाळी त्यांनी विचारलं, "तुमची बोट कुठली?"

"माझी बोट नाही."

"मग हाक कशी मारू मी तुम्हाला?" त्या खरोखरच अडचणीत पडल्या होत्या. शेवटी मला त्यांनी 'पालीकर' करून टाकलं. माझं आडनाव सावंत आहे हे मी त्यांना अनेकदा सांगून पाहिलं आणि मग सोडून दिलं.

केसांत अबोलीचा वळेसर, त्याला धरून ठेवायला चार-पाच आकडे, आणि बंदरावर भोंग्याच्या ऐवजी वापरता येईल असा आवाज. सोसायटीतल्या कुठल्याही यंत्राजवळून जाताना त्या हाताची मागची बाजू त्याला लावून बघत. फोटोकॉपी मशीन, इन्व्हर्टर, पाण्याचा पंप, सगळ्यांना. "आधी हात लावायचा, मग तोंड उघडायचं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. एकदा शहरातून कोणी तंत्रज्ञ आला. खिशात हात घालून लांबूनच त्यानं आमच्या कॉम्प्युटरकडे पाहिलं आणि म्हणाला, "मॅडम, हे सगळंच बदलायला लागेल."

"तुम्ही तेला हात तरी लावलात काय?" कुंदाताई कडाडल्या. "माज्या आयशीला बघायला डॉक्टर यायचा तो पण आधी नाडी बघायचा, मग आशा सोडायचा." तो गृहस्थ चहा न घेता गेला आणि पुन्हा कधी आला नाही.

आता त्यांना यंत्रातलं फार कळत होतं असं कोणी समजू नये. माऊसला दुपारी विश्रांती लागते असं त्यांचं मत होतं आणि दुपारी जेवताना त्या तो उलटा करून ठेवत. प्रिंटरसमोर त्याच्याविषयी वाईट बोललं तर तो कागद अडकवतो, यावर त्यांचा ठाम विश्वास होता. मी या बाबतीत त्यांच्याशी वाद घालायचो, आवाज चढवायचो, आणि प्रिंटर नेमका तेव्हाच कागद अडकवायचा. त्या नुसत्या माझ्याकडे बघत. मला त्यांचा फार राग यायचा.

पण एका गोष्टीत त्या बरोबर होत्या. बंदरावरचं खारं वारं काहीही खातं. टाचण्या, कात्री, कपाटाच्या बिजागऱ्या, सगळं. म्हणून पावसाळ्याच्या तोंडावर कुंदाताई बोटीवरचं जाड प्लास्टिक आणून सगळं ऑफिस बांधून काढत. जाळ्याच्या दोरीनं, बोटीवर मारतात तशा गाठी मारून. कीबोर्ड प्लास्टिकमधून चालवायचा, फोन प्लास्टिकमधून ऐकायचा. एकदा मी हात धुऊन आलो तर माझा जेवणाचा डबाही बांधलेला होता. हे सगळं दसऱ्याच्या साफसफाईत सुटायचं. फक्त कॉम्प्युटरच्या मागची बाजू तशीच राहायची, कारण मागं खिडकी, खिडकीमागं समुद्र.

हा कॉम्प्युटर म्हणजे कुंदाताईंचा जीव. कारण त्यावर पश्या दिसायचा.

पश्या म्हणजे प्रशांत, त्यांचा धाकटा भाऊ. आईवडील आजारपणात पाठोपाठ गेले आणि ह्या बाईंनी लग्नाचा विचार बाजूला ठेवून त्याला वाढवलं. त्यानं जमिनीवरचं काहीतरी करावं म्हणून त्याला आयटीआयला घातलं. तो तिथून पळून बोटीवर गेला. पुन्हा घातलं, पुन्हा गेला. आता तो 'भैरीप्रसाद'वर तांडेल होता, म्हणजे बोट त्याच्या हुकमावर चाले. ह्या एकाच माणसाला कुंदाताई बोटीच्या नावानं हाक मारत नसत.

सोसायटीच्या बोटींवर एकेक लहान यंत्र बसवलेलं होतं. बोट कुठं आहे ते आमच्या कॉम्प्युटरवरच्या नकाशात ठिपक्यानं दिसायचं, आणि इथून दोन-चार शब्दांचा निरोप पाठवता यायचा. मोबाइलची रेंज किनारा सोडला की संपते. वायरलेस त्याच्या थोडा पुढं जातो, आणि तो सगळ्यांना ऐकू येतो. कुंदाताईंना त्याचं काही वाटत नसे. एका सकाळी त्यांनी वायरलेसवरून अख्ख्या समुद्राला ऐकवलं होतं, "पश्या, मेल्या, तुजी पित्ताची गोळी उंबऱ्यावर राहिली हाय. मिरचीला हात लावशील तर बघ!" पुढं कित्येक दिवस दुसऱ्या बोटींवरचे लोक प्रशांतला मिरची हवी का म्हणून विचारत होते. तो चिडून दोन दिवस बहिणीशी बोलला नाही, आणि ती चिडून तिसऱ्या दिवशी त्याच्याशी बोलली नाही.

त्या वर्षीच्या दसऱ्याला आम्ही ऑफिसात पूजा केली. बंदरावरची पूजा मी तोवर नीट पाहिली नव्हती. बोटीचं इंजिन पूजताना ते चालू ठेवतात. बंद इंजिनाला कुंकू लावणं अशुभ. धडधडत्या इंजिनावर झेंडूची माळ चढते, हळदकुंकू लागतं, आणि वरून ओल्या कुंकवात माखलेल्या अक्षता पडतात. त्या अजस्र लोखंडाला त्याचं काही वाटत नाही. कुंदाताईंनी आमच्या कॉम्प्युटरला तोच मान दिला. तो चालू केला, नकाशा उघडला, प्रशांतचा ठिपका बंदरात आहे हे बघितलं, कॉम्प्युटरच्या उभ्या डब्यावर माळ घातली आणि डोळे मिटून मूठभर अक्षता वाहिल्या. डब्याच्या वरच्या जाळीतून आत जाणारा वारा त्यांच्या बोटांना लागला असणार. त्या खूश होऊन म्हणाल्या, "बघा पालीकर, घेतलान त्यानं!"

वादळाचा इशारा आला तो त्यानंतरच्या आठवड्यात.

सकाळीच बंदरावर धोक्याचा बावटा चढला होता. हवेत एक विचित्र उकाडा होता, पान हलत नव्हतं, आणि समुद्र तेलकट दिसत होता. कुंदाताईंनी कॉम्प्युटरवरून सगळ्या बोटींना 'परत या' असा निरोप पाठवला आणि दिवसभर त्या खुर्चीतून उठल्या नाहीत. एकेक ठिपका किनाऱ्याकडे सरकत होता. बोट जेटीला लागली की तांडेल दारात येऊन तोंड दाखवून जाई. "जलपरी आली. सागरराणी आली. महालक्ष्मी, आता तरी घरी जा." दुपारपर्यंत बंदर गच्च भरलं. वारा सुटला होता. बाहेर उरला होता एकच ठिपका, सगळ्यात लांब गेलेला. भैरीप्रसाद.

"येतोय," कुंदाताई म्हणाल्या. "तोंड हिकडंच हाय तेचं."

आणि कॉम्प्युटर बंद पडला.

वर ट्यूबलाइट चालू होती, म्हणजे वीज होती. त्यांनी बटण दाबलं. तो चालू झाला, नकाशा उघडायला लागला, आणि अर्ध्यावर पुन्हा पडदा काळा. मी प्लग बदलला, वायर बदलली, दुसऱ्या सॉकेटला जोडून पाहिलं. तेच. या खेपेला तो आधीपेक्षा लवकर गेला. कुंदाताईंनी डब्याला हात लावला आणि लगेच काढला.

"ताप हाय," त्या म्हणाल्या. "भरपूर."

एरवी मी हसलो असतो. तेवढ्यात दारात बाबल्या तांडेल येऊन उभे राहिले. वय झाल्यामुळे त्यांनी समुद्र सोडला होता, पण बंदरावरचा शेवटचा शब्द त्यांचा असे. ते चिंब भिजले होते. "कुंदे," ते म्हणाले, "पश्याला सांग, हितं यायचा नाय. बंदराच्या तोंडावर लाटा फुटायला लागल्यात. आत शिरायला गेला तर दगडावर जाईल. वारा दक्षिणेचा हाय. पाठीवर घे म्हणावं आन् सरळ जयगडच्या खाडीत घाल."

कुंदाताई त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग काळ्या पडद्याकडे. प्रशांत घरी येतोय म्हणून सकाळपासून ज्या ठिपक्याकडे त्या समाधानानं बघत होत्या, तो दगडाकडे चालला होता, आणि त्याला हे सांगायचं एकच साधन आमच्यासमोर मेलेलं होतं. वायरलेसवर नुसती खरखर होती. तरी त्या त्यात ओरडून आल्या, "जयगड! पश्या, जयगड!" उत्तर आलं नाही. दुसऱ्या सोसायटीच्या कॉम्प्युटरवरून निरोप धाडावा म्हटलं, तर त्यांचा फोन लागेना. त्यांच्याकडची वीज गेली असणार.

चिपळूणच्या कदमांचा फोन मात्र लागला. हे कॉम्प्युटर दुरुस्त करणारे गृहस्थ कुंदाताईंच्या मर्जीतले, कारण ते हात लावून बघत. आज त्यांना हात लावता येणार नव्हता. मी फोन मोठ्या आवाजावर टाकला.

"चालू होतो, थोडा वेळ चालतो आणि जातो?" कदमांनी विचारलं. "थोडा थांबून लावला की जास्त वेळ चालतो?"

"होय, होय."

"प्रोसेसर तापतोय. म्हणजे त्याचा मेंदू समजा. फार तापला की तो जळू नये म्हणून मशीन स्वतःच बंद होतं. त्याच्यावर एक पंखा असतो, तो फिरतोय का बघा. सारखं बटण दाबू नका आता, त्यानं अजून तापेल."

"तो आपला जीव वाचवायला निजणार," कुंदाताई म्हणाल्या, "आन् माज्या भावानं काय करायचं?"

कदम हलक्या आवाजात म्हणाले, "ताई, आधी बाजूचं झाकण काढा."

झाकणाला स्क्रू होते आणि त्यातला एक खाऱ्या वाऱ्यानं गंजून धरून बसला होता. मी जोर लावला तर त्याची खाच झिजली. बाबल्या तांडेलांनी डिझेलमध्ये बुडवलेलं आपलं बोट त्यावर टेकवलं, थांबायला सांगितलं, आणि आम्ही तिघं त्या एवढ्याशा स्क्रूकडे बघत उभे राहिलो. बाहेर कुठलंसं पत्र्याचं छप्पर उडून आपटल्याचा आवाज झाला. मी सरळच सांगतो, मी फार घाबरलो होतो, आणि ती बोट माझ्या कोणाचीच नव्हती. अखेर स्क्रू हलला.

झाकण मागच्या प्लास्टिकमध्ये अडकत होतं; कुंदाताईंनी ते ओरबाडून काढलं. दोरीच्या गाठी सुटेनात तेव्हा दातांनी तोडल्या. झाकण बाजूला केलं तर आत दमट धुळीचा करडा थर होता, आणि प्रोसेसरला थंड ठेवणाऱ्या धातूच्या पट्ट्यांच्या फटी पार भरून गेल्या होत्या. वर पंखा होता. मी बटण दाबलं. पंख्यानं एक हिसका दिला आणि तो थांबला. पुन्हा हिसका. काहीतरी अडकलं होतं. मी टॉर्च धरला.

पात्याच्या आणि कडेच्या मधे लाल तांदूळ होते.

ओल्या कुंकवासकट ते आत गेले होते आणि वाळून तिथं चिकटून बसले होते. खाली पट्ट्यांवरही काही होते, आणि झेंडूची एक सुकलेली पाकळी. बाबल्या तांडेलांना पटकन कळलं नाही. मला कळलं. कुंदाताईंना तर माझ्याही आधी कळलं होतं. त्यांचा चेहरा मी तसा कधीच पाहिला नव्हता.

"मी घातलेत," त्या म्हणाल्या. "माज्या हातानं."

फोनवरून कदम विचारत होते, "दिसलं का काही? ताई? दिसलं का?" कुंदाताईंनी बटण बंद केलं, केसातला आकडा ओढून काढला, आणि एकेक दाणा उचकटून काढायला लागल्या. वळेसर सुटून खाली पडला, त्याच्यावर पाय पडला, तरी त्यांनी बघितलं नाही. मी टॉर्च आणखी जवळ आणला.

कदम एकेक गोष्ट सांगत गेले. बोटीवर नाव रंगवायचा ब्रश होता, त्यानं पट्ट्यांमधली धूळ काढली. पंखा आता बोटानं फिरत होता, पण जड. त्याचा कणा गंजला होता. शिलाई मशीनचं तेल असेल तर एक थेंब घाला, कदम म्हणाले. ते शेजारी जाळी शिवणाऱ्यांकडे मिळालं. "झाकण उघडंच ठेवा आणि टेबलफॅन जवळ आणून त्याच्यावर सोडा. मशीन सुरू झालं की दुसरं काहीही उघडू नका. जेवढं काम कमी, तेवढा ताप कमी."

मी टेबलफॅन ओढून आणला, आणि त्याच क्षणी वीज गेली.

इन्व्हर्टरवर फक्त कॉम्प्युटर आणि एक दिवा होता. फॅन त्यावर लावू का, असं मी विचारलं. त्याची बॅटरी जुनी आहे, लगेच बसेल, असं कुंदाताईच म्हणाल्या. त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर खाली ओढलं, त्याचा पुठ्ठा माझ्या हातात दिला. "वारा घाला, पालीकर. हात थांबवायचा नाय."

मी वारा घालत होतो. कॉम्प्युटर चालू झाला. त्याच्या छोट्या पंख्याचा घरघराट ऐकू येत होता. कधी तो वाढे, कधी दमल्यागत कमी होई, आणि तो कमी झाला की मी पुठ्ठा आणखी जोरात हलवी. नकाशा उघडायला लागला. मघाशी जिथं पडदा काळा झाला होता ती जागा ओलांडून पुढं गेला. निळा समुद्र आला, किनारा आला, मग ठिपका आला.

तो फार जवळ आला होता. मला नकाशातलं काही कळत नसे, तरी तेवढं कळलं.

कुंदाताईंनी टाइप केलं: 'रत्नागिरी नको. जयगड. वारा पाठीवर घे. ताई.' शेवटचा शब्द नेहमी नसायचा. निरोप पोचला की त्याच्या पुढं एक हिरवी खूण येते. ती येत नव्हती. माझा खांदा भरून आला, मी हात बदलला, तेवढ्यात पंख्याचा आवाज खाली गेला, आणि कुंदाताई पडद्यावरची नजर न काढता किंचाळल्या, "हात!" मी पुन्हा जीव खाऊन वारा घालू लागलो.

हिरवी खूण आली.

"आता वळला पायजे," बाबल्या तांडेल म्हणाले. ठिपका सतत हलत नाही. थोड्या थोड्या वेळानं उडी मारून पुढच्या जागी येतो. पहिली उडी सरळ बंदराच्या दिशेनंच होती. कुंदाताईंनी दोन्ही हातांनी टेबलाची कड घट्ट धरली होती. दुसरी उडी यायला जो वेळ लागला तो मी आयुष्यात विसरणार नाही. ठिपका आला तो उत्तरेला सरकून. अगदी थोडा. पण उत्तरेला.

"वळलान!" बाबल्या तांडेल ओरडले. "वळलान गो कुंदे!"

तिसरी उडी बघायच्या आत इन्व्हर्टर बसला आणि सगळं काळोखात गेलं. मग रात्रभर आम्हाला काहीही कळलं नाही. त्या रात्रीबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. तीन माणसं तीन खुर्च्यांवर बसून होती एवढंच.

उजाडल्यावर जयगडहून कोणाच्या तरी फोनवरून प्रशांतचा आवाज आला. कुंदाताईंनी त्याला बोलू दिलंच नाही. "जेवलास काय?" एवढं विचारलं, त्याचं उत्तर ऐकलं, आणि फोन माझ्या हातात देऊन त्या उठल्या. "मला जयगडला न्या," म्हणाल्या.

रस्त्यावर झाडं पडली होती. माझ्या स्कूटरवर मागं बसून त्या वाटभर एक अक्षर बोलल्या नाहीत, आणि त्यांच्याबरोबर राहून इतकी शांतता मी पहिल्यांदाच अनुभवत होतो. खाडीत भैरीप्रसाद उभी होती, केबिनची एक बाजू फुटलेली. खलाशी जेटीवरच्या टपरीत बसले होते. त्यातल्या एका वयस्कर खलाशाचा हात गळ्यात बांधलेला होता. बोट वळवताना एक लाट आडवी आली आणि तो केबिनवर आपटला होता. हाड मोडलं होतं.

"थोडं आधी कळतं तर मोकळ्या पाण्यात वळवली असती," प्रशांत म्हणाला. "निरोप आला तवा अगदी तोंडावर होतो. लाट उभी दिसत होती समोर."

हे त्यानं तक्रार म्हणून सांगितलं नव्हतं. घडलं तसं सांगितलं होतं. आम्ही गप्प बसलो असतो तर कोणाला काही कळणार नव्हतं. बाबल्या तांडेलांनी आदल्या दिवशीच मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की तांदळाचं कुठं बोलू नका. कुंदाताई मात्र त्या खलाशासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"उशीर माज्यामुळं झाला," त्या म्हणाल्या. "मशीनवर मी अक्षता टाकल्या दसऱ्याला. त्या पंख्यात गेल्या. मशीन बंद पडला. तुमचा हात माज्यामुळं मोडला."

टपरीतले सगळे ऐकत होते. प्रशांतनं बहिणीकडे पाहिलं आणि मान खाली घातली. तो खलाशी म्हणाला, "ताय, अक्षता टाकल्याबिगर बोट तर आमी पण सोडत नाय."

"तुमचा इंजिन मोठा हाय ओ!" कुंदाताई म्हणाल्या, आणि त्या भरल्या टपरीत मोठ्यानं रडायला लागल्या. पदर तोंडाला लावायचंही त्यांना सुचलं नाही. प्रशांतला काय करावं ते कळेना. त्यानं आपला चहाचा ग्लास बहिणीच्या हातात दिला, आणि ती घेईना म्हणून तसाच धरून बसला.

कदमांनी पुढं नवा पंखा बसवला. कुंदाताईंनी मशीनचं झाकण परत लावू दिलं नाही. आत काय चाललंय ते दिसलं पाहिजे, असं त्या म्हणत. रोज सकाळी आल्याबरोबर त्या ब्रश घेऊन बसत. माणसांना बोटींच्या नावानं हाका मारणं चालूच होतं, आवाजही तोच होता, पण प्रशांतची बोट बाहेर असली की त्या दुपारी जेवायला उठत नसत. डबा टेबलावरच उघडत. त्याला समुद्र सोड म्हणून मात्र त्यांनी पुन्हा कधी सांगितलं नाही. मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "तो ऐकणार नाय. मग निदान दिसूं दे."

काही महिन्यांनी मला चिपळूणला नोकरी लागली. शेवटच्या दिवशी ऑफिसात चहा झाला, नारळ झाला, कोणीतरी माझ्याविषयी खोटंच चांगलं बोललं. बाहेर वारा जरा वाढलेला होता. इशारा वगैरे काही नव्हता, नेहमीचाच वारा, पण कुंदाताई त्या सगळ्या गडबडीत खुर्चीतून उठल्या नाहीत. मी निरोप घ्यायला त्यांच्यामागं जाऊन उभा राहिलो. पडद्यावर एकच ठिपका होता.

"कुंदाताई, निघतो."

"पोचलात की कळवा," त्या म्हणाल्या. त्यांनी मान वळवली नाही. एक हात तेवढा वर केला आणि पुन्हा टेबलाची कड धरली. मला जरा वाईट वाटलं. इतकी वर्षं एका खोलीत बसलो होतो. मग मी एसटी पकडली.

चिपळूणला उतरल्यावर मी स्टँडवरूनच फोन लावला. त्यांनी पहिल्याच घंटीला उचलला.

"मी सावंत. पोचलो."

"कोण?"

"पालीकर."

"हां. बरं झालं." पलीकडून मशीनच्या पंख्याची बारीक घरघर ऐकू येत होती.

"आणि प्रशांत?" मी विचारलं.

"अजून बाहेर हाय," त्या म्हणाल्या, आणि फोन ठेवला.